एकसारख्या दिसणाऱ्या सिरिंजा

मी काय काम करते हे सांगताना मला नेहमी जरा वेळ लागतो. नर्स म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या वॉर्डात? मी रिसर्च नर्स आहे, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. ज्यांचं बाळ आज सकाळी जन्मलंय आणि थोडक्यात वाचलंय, अशा आईबापांसमोर खुर्ची ओढून बसायचं आणि विचारायचं, की तुमच्या बाळावर आम्ही एक नवीन औषध तपासून पाहू का? इथे इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या वॉटफर्डला, एकदा दिवाळीच्या फराळाला हे सांगितलं, तर शेजारची बाई चकली हातात धरून म्हणाली, "अगं बाई, कसं गं जमतं तुला?" जमतं. कुणीतरी विचारायला लागतंच, आणि घुटमळत विचारलं तर समोरच्याला जास्त त्रास होतो.

औषधाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. काही बाळांना जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडतो. त्यातल्या काहींच्या आयांना प्रसूतीत जंतुसंसर्ग होऊन ताप आलेला असतो, आणि त्या दाहाची झळ पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोचलेली असते. वाईट गोष्ट अशी की बाळ श्वास घेऊ लागलं, अंगावर रंग आला, म्हणजे सुटलो असं नसतं. आग विझली तरी आत निखारे धुमसत राहावेत, तसं मेंदूच्या पेशींचं नुकसान पुढे कितीतरी वेळ चालू राहतं. यावर सिद्ध झालेला उपाय एकच, बाळाला तीन दिवस थंड ठेवणं. त्याने पुष्कळ बाळं सावरतात, पण सगळी नाही. दाह झालेल्या बाळांना त्याचा तितकाच फायदा होतो का, याबद्दल डॉक्टरांनाच शंका आहे. म्हणून आमची चाचणी. थंडाव्याच्या जोडीला एक अँटिऑक्सिडंट शिरेतून द्यायचं. त्याने धुमसणं शमेल अशी आशा आहे. खात्री असती तर चाचणी कशाला केली असती?

तर त्या दिवशी सकाळी मिल्टन कीन्सहून अँब्युलन्सने एक मुलगी आली. तिथे जन्मली होती, आईला ताप चढलेला, बाळ निळं, रडलंच नाही. आमच्याकडे थंड करायची सोय आहे म्हणून बाळाला इकडे पाठवलं आणि आईला तिकडेच ठेवलं, कारण तिला अँटिबायोटिक चालू होतं आणि उठून बसवतही नव्हतं. मागोमाग मोटारीने बाप आला आणि त्याच्याबरोबर त्याची आई. सुनेच्या बाळंतपणासाठी ती कराडहून आली होती. सुनेनेच तिला सांगितलं होतं म्हणे, "आई, माझ्यापाशी नर्सेस आहेत. तुम्ही तिच्याजवळ जा."

मी पोचले तेव्हा आजी इन्क्यूबेटरशी उभी होती आणि आमच्या एका पोरसवदा नर्सला मराठीतून फैलावर घेत होती. हातात घरून आणलेली दुपट्याची घडी. बाळ उघडंनागडं, खाली गार पाणी फिरणारी गादी, अंगाला लावलेल्या वायरी.

"गार पडलंय गं लेकरू! हात लावून बघ की! आमच्याकडे बाळाला शेगडी देतात, आणि हे काय चाललंय तुमचं? एक टोपडं घालायला काय जातंय?"

नर्स नुसतीच "येस, येस" म्हणत होती. मी मधे पडले आणि मराठीत म्हणाले, "आजी, मुद्दाम गार ठेवलंय. तेच औषध आहे सध्या."

आजी वळली. मला वरून खालपर्यंत बघितलं, गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. "मराठी?"

"सांगलीची."

"अगं बाई!" दुपटं एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने तिने माझं मनगट पकडलं. "देवानेच पाठवलं तुला. एवढ्या गोऱ्यांत आपलं माणूस!"

मुलगा मागे उभा होता, तिशीचा, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, शर्ट उलटा घातलेला. त्याच्याही चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. मला ते दिसलं, आणि बरं वाटलं. त्या खोलीत कुणीतरी आपल्या भाषेत बोललं तर निम्मं ओझं उतरतं, हे मी पाहिलेलं आहे. मराठीत बोलले याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आम्ही शेजारच्या छोट्या खोलीत बसलो. मी नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं. थंडावा मिळणारच आहे, तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा. त्याच्या जोडीला चाचणीत निम्म्या बाळांना औषध मिळतं, निम्म्यांना नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. कुणाला काय, हे कॉम्प्युटर ठरवतो, छापा-काटा केल्यासारखं. फार्मसीतून सिरिंज येते, त्यावर फक्त नंबर असतो. दोन्ही सिरिंजा दिसायला एकसारख्या.

"अँटिऑक्सिडंट म्हणजे नक्की काय गं?" आजीने विचारलं.

"सफरचंद चिरून ठेवलं की काळं पडतं ना? लिंबू चोळलं तर पडत नाही. साधारण तसं."

"म्हणजे लिंबूच की!"

"लिंबू नाही, आजी. आणि घरचं काहीही बाळाच्या ओठाला लावायचं नाही. हळद नाही, मध नाही, घुटी नाही. काही नाही."

आजीने पर्स जरा जवळ ओढली. त्यात काय होतं ते मी विचारलं नाही.

मुलाने दोन-तीन प्रश्न विचारले, चांगले विचारले, आणि सही केली. मला वाटलं, शहाणा माणूस आहे. डोस जन्मानंतर ठरावीक तासांतच सुरू व्हायला हवा होता. बाळ जन्मून बराच वेळ झाला होता. मी फार्मसीला कळवायला उठले. दारातून बाहेर पडले आणि आठवलं की फोन टेबलावरच राहिला. परत आले तर दार अर्धवट उघडं, आणि मुलगा त्याच्या फोनवर बायकोशी बोलत होता.

"अगं, टेन्शन घेऊ नकोस. मॅडम आपल्याच निघाल्या, सांगलीच्या. त्या बघतायत सगळं. खरं औषध आपल्यालाच मिळणार."

आणि आजी शेजारून, फोनच्या दिशेने मान करून, "पाणी जाईल दुसऱ्या कुणाला तरी. तू झोप गं."

मी तिथेच थांबले. रागावले नाही, कारण त्यांचा हिशोब कुठून आला हे मला माहीत होतं. आपल्याकडे मीटर लवकर बसवायचा असो, शाळेत प्रवेश असो, बदली असो, आधी विचारतात, तिथे आपलं कोण आहे? आणि कोणी असलं की ते माणूस तोंडाने "नियमाप्रमाणेच होईल" असंच म्हणतं, आणि काम करून देतं. मी छापा-काटा म्हणत होते, सिरिंजांवर नुसता नंबर असतो म्हणत होते, आणि ते दोघं मनात म्हणत होते, हो हो, समजलं, असं बोलावंच लागतं. इंग्लिश नर्सने हेच सांगितलं असतं तर त्यांनी शब्दशः खरं मानलं असतं.

म्हणजे सही खोटी नव्हती, पण त्या होकाराला अर्थही नव्हता. माझ्यासमोर दोन रस्ते होते. गप्प बसायचं आणि फार्मसीला फोन करायचा, कागद व्यवस्थित होते, कुणी काही विचारलं नसतं. किंवा आत जाऊन सगळं उलटवायचं, आणि त्या भानगडीत वेळ निघून गेली तर पोरीची संधी गेली. औषध चालतं की नाही कुणालाच माहीत नव्हतं. पण चालत असेल तर ते वेळेतच चालणार होतं.

मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

"मी ऐकलं," म्हटलं. "तुमच्या बाळाला कुठली सिरिंज मिळेल हे मी ठरवू शकत नाही. मला कळणारसुद्धा नाही. डॉक्टरांना नाही, फार्मसीतून सिरिंज आणणाऱ्याला नाही. माझं स्वतःचं नातवंड असतं तरी नाही."

मुलगा हसला, ओशाळून नव्हे, समजूतदारपणे. "हो मॅडम, ते कळलं आम्हाला. तुमचं नाव कुठेही येणार नाही."

"तुम्हाला कळलेलं नाही. मी नियम म्हणून बोलत नाहीये. मला खरंच जमत नाही."

आता त्याचा चेहरा बदलला. आजीने विचारलं, "म्हणजे पाणीच मिळू शकतं?"

"मिळू शकतं."

"आणि तू एवढी इथली असून?"

"एवढी इथली असून."

"मग तुझा उपयोग काय गं बाई?" आजी म्हणाली. वाईट मनाने नाही. खरंच विचारत होती.

मुलगा उठला. "मग नको. कॅन्सल करा. माझ्या मुलीवर लॉटरी नाही लावायची मला. आपलं माणूस म्हणून विश्वास टाकला होता."

नको म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता, आणि मी तसंच म्हणाले. होकार रद्द केला, आमच्या कन्सल्टंटला, म्हणजे मुख्य डॉक्टरला, बोलावलं आणि काय घडलं ते सांगितलं. ती उंच, शांत स्कॉटिश बाई. ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बरं झालं परत गेलीस. आता त्यांच्याशी मी बोलते. आईला कुणी विचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. आई तिकडे तापात, झोपू द्या, असं सगळ्यांनीच धरलेलं.

व्हिडिओ कॉल लावला. फोनवर एक फिकट चेहरा आला, केस कपाळाला चिकटलेले, मागे ड्रिपचा स्टँड. नवरा घाईघाईने सांगू लागला, की असं असं झालं आणि मी नको म्हणालो.

"मला विचारलंस?"

"अगं, तुला ताप..."

"ताप डोक्यात नाही गेलेला माझ्या. फोन डॉक्टरांकडे दे." मग तिला मी दिसले. "ताई, तुम्ही थांबा तिथे. पण मला काय करायचं ते सांगू नका."

"नाही सांगणार."

कन्सल्टंटने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सून ऐकत होती, मधे मधे डोळे मिटत होती, पण एकही प्रश्न सोडत नव्हती. हे औषध आधी बाळांना दिलंय का? काय त्रास झाला? मधेच काही बिघडतंय असं दिसलं तर थांबवणार कोण, आणि त्याला माहीत असतं का कुठल्या बाळाला काय मिळालंय? डॉक्टर म्हणाली की वेगळी मंडळी आहेत, त्यांना बघता येतं, आम्हाला नाही. त्यावर ती म्हणाली, "गुड. तसंच पाहिजे."

मग सासूकडे वळली. "आई, मी काय काम करते सांगा?"

"कॉम्प्युटरचं," आजी म्हणाली.

"टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी बनवलेलं चालतं का, ते बघायचं. बनवणारा नेहमी म्हणतो, चालतं, मी बघितलंय. त्याचं ऐकायचं नसतं. ज्याला ते चालावं असं वाटतं, त्याला तपासायलाच द्यायचं नसतं. इथे सगळ्यांनाच वाटतं हे औषध चालावं. म्हणून लपवून ठेवतात. ताईंपासून पण."

"पण पाणी मिळालं तर?"

"तर थंडावा आहेच ना? तो तिला मिळतोच आहे. आणि मला एक सांगा, ही थंड करायची गादी, ही पण कधीतरी अशीच तपासली असेल ना?" हा प्रश्न डॉक्टरला होता, इंग्रजीत.

"अशीच," डॉक्टर म्हणाली. "निम्म्या बाळांना थंड केलं, निम्म्यांना नाही. तेव्हा मी शिकत होते."

 मग सून अचानक तोंड वाकडं करून रडायला लागली. "ताप मला आला होता. माझ्यामुळेच झालं ना हे? आदल्या दिवशी कणकण होती. मी म्हटलं, असेल असंच."

इथे मी तोंड उघडलं, कारण हे काय करायचं ते सांगणं नव्हतं. "जंतू विचारून येत नाहीत. कणकण सगळ्यांनाच असते नवव्या महिन्यात. रडायचं असेल तर रड, पण या कारणासाठी नको."

ती नाक पुसत म्हणाली, "तुम्ही सगळ्यांशी अशाच बोलता का?"

"हो."

"बरं आहे." तिने श्वास घेतला. "माझा होकार आहे. अरे, तुझा?"

नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "तू म्हणतेस तर..."

"मी म्हणते म्हणून नाही. तुला कळलं म्हणून."

"कळलं," तो म्हणाला. "आवडलं नाही. पण कळलं."

इतका स्वच्छ होकार मला आजवर फार थोड्यांकडून मिळालेला आहे.

फार्मसीतून सिरिंज आली. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. पंपाला लावली. वेळ होता अजून, फार नाही, पण होता. आजीने ती सिरिंज इतक्या जवळून बघितली की नर्सला तिला हळूच मागे करावं लागलं. "वासावरून कळणार नाही का?" तिने मला विचारलं. म्हटलं, नाही. तरी पुढचे तीन दिवस ती सिरिंज बदलायच्या वेळेला हटकून हजर असायची, डाळ निवडणाऱ्या बाईच्या नजरेने.

तीन दिवस पोर गारच होती. आजी दुपटं मांडीवर घेऊन बसायची. चौथ्या दिवशी हळूहळू ऊब द्यायला सुरुवात झाली, तापमान थोडं थोडं वाढवत. तोवर आईही येऊन पोचली, व्हीलचेअरमधून. संध्याकाळी नर्सने आजीला खूण केली, आणि आजीने ते दुपटं बाळाच्या पायांवर टाकलं.  आजीने मात्र माझ्याकडे बघून घेतलं, शेवटी माझंच खरं झालं ना, अशा अर्थाने.

मेंदूचा एमआरआय नेमका सहाव्या दिवशी ठरला. आजीने सकाळीच मला गाठलं. "आज सटवाई येते गं. कपाळावर लिहायला. एक कोरा कागद आणि पेन ठेवायचंय. दिवा लावत नाही, मला माहितेय ऑक्सिजन आहे."

प्रिंटरमधून एक कागद काढून दिला. खिशातलं पेनही दिलं. स्वतः मी असलं काही मानत नाही, पण कोऱ्या कागदाने कुणाला इजा होत नाही. कागद बाळाच्या लॉकरवर ठेवत आजी म्हणाली, "हिच्याकडे तरी चालतो का वशिला?"

"तुम्हीच विचारून बघा."

"विचारलंय," आजी म्हणाली. "ती पण तुझ्यासारखीच. बोलत नाही."

दुपारी कन्सल्टंटने तिघांना बोलावलं. आईने मलाही बोलावलं. स्क्रीनवर ते करड्या रंगाचे काप होते, जे मी वर्षानुवर्षं बघते आहे आणि तरीही पहिल्या क्षणी ज्यांच्याकडे बघवत नाही. डॉक्टरने पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. इथे थोडा फरक दिसतो, कडेला. पण हा आतला, खोलवरचा भाग, ज्यावर हालचाल आणि गिळणं पुष्कळसं अवलंबून असतं, तो चांगला दिसतोय. वचन देत नाही, म्हणाली. पुढची दोन वर्षं बघत राहायचं. पण आज मला चित्र आवडलं.

"औषधाने झालं का हे?" नवऱ्याने विचारलं.

"माहीत नाही."

"थंडाव्याने?"

"असेल. किंवा तिचं तिने केलं असेल."

आजीला उत्तर हवं होतं आणि ते मिळत नव्हतं. कॉरिडॉरमध्ये तिने मला बाजूला घेतलं. "तू डोळ्याने तरी सांग."

"आजी, मला खरंच माहीत नाही."

या वेळी तिला पटलं. कसं कळलं सांगू? तिने माझा गाल चिमटीत धरला आणि म्हणाली, "बिचारी." माझी कीव केली तिने. इतकी वर्षं इथे राहून एवढंसुद्धा कळत नाही, अशी.

मुलगी घरी गेली. पहिल्यांदा दूध ओढायला शिकली, मग मान धरायला, मग बसायला जरा उशीर लावला आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लावला. मधल्या काळात आई दर काही महिन्यांनी मला मेसेज पाठवायची. त्यात भावनिक काही नसायचं. "उजव्या हाताने चमचा धरते, डाव्या हाताने पण. फिजिओ खूश." मी अंगठा पाठवायचे. चाचणी अजून चालू होती. निकालाचे आकडे बंद होते. आजही बंद आहेत, सगळी बाळं मोठी होऊन तपासून होईपर्यंत उघडायचे नाहीत. तिला काय मिळालं हे आम्हाला कुणालाच माहीत नाही.

दोन वर्षांच्या तपासणीला ते सगळे आले. आजीही, पुन्हा व्हिसा काढून. तपासणी माझं काम नाही, ती एक तज्ज्ञ करते. तीही बाळाला काय मिळालं ते न कळता. मी कोपऱ्यात बसले होते, बोलायचं नाही या अटीवर. मुलगी घरात शिरल्यासारखी आत आली, जरा फेंगडे पाय टाकत, पण स्वतःच्या पायाने. लाल बूट. तज्ज्ञबाईने लाकडी ठोकळे मांडले आणि एकावर एक ठेवून दाखवले. मुलीने ते बघितले, एक उचलला, त्यावर दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. आईने नवऱ्याचा हात दाबला. नवरा ऑफिसमधून आला होता, कडक इस्त्रीची पँट, चकचकीत बूट.

मग मुलीने मनोरा हाताने उडवला. एक ठोकळा टेबलाखाली गेला, थेट भिंतीपर्यंत.

तज्ज्ञबाईने कागदावर काहीतरी लिहिलं आणि आईला विचारलं, "घरी शब्द बोलते का? दोन शब्द जोडून? काही मुलं या वयात जोडतात."

"बोलते. पण आज बोलेल की नाही..." आई म्हणाली.  हाच प्रश्न होता. ठोकळे हाताचे, चालणं पायांचं. हे मात्र आतलं.

मुलगी टेबलाखाली वाकून बघत होती. हात पोचत नव्हता. उठून उभी राहिली, खोलीतल्या सगळ्यांकडे बघितलं, तज्ज्ञबाईकडे, आईकडे, आजीकडे, माझ्याकडे, आणि नेमक्या माणसाकडे बोट केलं.

"बाबा, काढ."

तज्ज्ञबाईने मान वर केली. "हा एक शब्द होता का?"

"दोन," आई म्हणाली. "डॅडी, आणि काढून दे. दोन शब्द. आणि ऑर्डर आहे."

बाबा जागचा हलला नव्हता. त्याचे डोळे भरले होते आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो खिडकीतून कार पार्क बघत होता. आजी तोंडावर पदर धरून बसली होती. मुलीला या कशाचं काही देणंघेणं नव्हतं. तिने पाय आपटला.

"बाबा! काढ ना!"

"तीन," आई म्हणाली.

बाबा गुडघ्यावर बसला आणि इस्त्रीच्या पँटसकट टेबलाखाली शिरला.